चारित्र्य कुणाचं, पडताळणी कुणाची?

या अंकाचं संपादकीय पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींवर लिहायचं, असं बैठकीत ठरलं होतं. जालन्यात पहाटे अंबड रस्त्याला गेलात तर त्या दिसतात. कुणाच्या पायात भावाचे बूट, कुणाच्या पायात नुसते मोजे. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. १९९४ च्या महिला धोरणानं शासकीय नोकरीत तीस टक्के जागा बायांसाठी राखल्या, त्या जागांकडे या मुली धावत असतात. त्यांचं कौतुक करायचं, अडचणी मांडायच्या, असा साधा बेत होता.

पण लिहायला बसले आणि एक जुनी गोष्ट आडवी आली. ती सांगितल्याशिवाय या मुलींना चार शब्द सांगायचा मला अधिकार नाही. गोष्ट आपल्या संघटनेच्या चुकीची आहे. नेमकं सांगायचं तर माझ्या चुकीची आहे.

२०१२ च्या आसपासची गोष्ट. घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात बायांनी हातभट्टीचा अड्डा फोडला. अर्ज देऊन, ठाण्याचे हेलपाटे घालून दमल्या होत्या. शेवटी एका संध्याकाळी दहा-बारा जणी गेल्या, रसायनाची पिंपं उलथी केली, मडकी फोडली. आपण सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. याच पत्रिकेत बातमी आली. दारूवाल्यानं मात्र दुसऱ्या दिवशी फिर्याद दिली: घरात घुसल्या, नुकसान केलं, बेकायदेशीर जमाव जमवला. गुन्हा दाखल झाला. आरोपींच्या यादीत एक एकोणीस वर्षांची पोरही होती. आईबरोबर गेली होती, घोषणा देत होती.

तारखा पडत राहिल्या. बाया रोज बुडवून अंबडच्या कोर्टात यायच्या, झाडाखाली भाकरी खायच्या, परत जायच्या. यथावकाश सगळ्या निर्दोष सुटल्या. आम्ही पेढे वाटले आणि ते प्रकरण आमच्यापुरतं मिटलं.

त्या पोरीनं पुढं पोलीस भरतीची तयारी केली. मैदानी चाचणीत निघाली, लेखीत निघाली, यादीत नाव लागलं. मग तिच्या हातात साक्षांकन नमुना आला. नोकरीवर घेण्याआधी उमेदवाराचं पूर्वचारित्र्य तपासण्यासाठी सरकार जो फॉर्म भरून घेतं, तो हा. आपल्याला कधी अटक झाली होती का, आपल्यावर कधी खटला भरला होता का, असे प्रश्न त्यात असतात. माहिती खोटी दिली किंवा दडवली तर नोकरी जाईल, असा इशाराही असतो. पोर तो कागद घेऊन थेट आपल्या कार्यालयात आली. तिनं मला विचारलं, "ताई, इथं काय लिहू?"

मी म्हटलं, "निर्दोष सुटलीस ना? मग गुन्हा राहिलाच कुठं? नाही असं लिहून टाक."

तिनं लिहिलं. पडताळणीत ठाण्याच्या दप्तरातून तिचं नाव निघालं. नोटीस आली, मग निवड रद्द झाल्याचं पत्र आलं. कारण वाचून मी सुन्न झाले. हातभट्टी फोडली म्हणून निवड रद्द झालेली नव्हती. माहिती दडवली म्हणून झाली होती. म्हणजे तिनं केलेल्या कामाची शिक्षा तिला मिळाली नाही, मी दिलेल्या सल्ल्याची मिळाली.

न्यायाधिकरणात जाऊ, असं आम्ही म्हणत राहिलो. वकील पाहू, पैसे उभे करू. त्यात महिने गेले. घरच्यांनी लग्न ठरवलं. आज ती हंगामात कपाशीच्या बियाणे प्लॉटवर फुलांचं परागीकरण करायला रोजानं जाते.

तिच्या आईनं तेव्हा मला एकच प्रश्न विचारला होता. "ताई, आम्ही अड्डा फोडला ते खरं होतं, चांगलं होतं, असं तुम्हीच भाषणात सांगत होत्या. मग माझ्या लेकीला ते कागदावर लिव्हू काहून नाही दिलं?"

मैत्रिणींनो, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आज शोधते आहे.

आधी कायदा सांगते, कारण तो तेव्हा मला ठाऊक असायला हवा होता. जुना गुन्हा लपवला म्हणून नोकरी जावी का, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या वेगवेगळ्या पीठांनी वेगवेगळे निकाल दिले होते. २०११ साली दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणानं जुनं मारामारीचं प्रकरण फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं. तरुणपणी माणसाच्या हातून चुका होतात, त्यासाठी जन्मभर कपाळावर शिक्का मारू नये, अशी भूमिका घेऊन न्यायालयानं त्याला दिलासा दिला. दुसऱ्या काही निकालांत मात्र, ज्यानं पहिल्याच कागदावर खोटं लिहिलं त्याला नोकरीवर कसं ठेवायचं, असा कडक सूर होता. शेवटी २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं नियम घालून दिले.

त्यातले आपल्या कामाचे मुद्दे असे. फॉर्ममध्ये जे विचारलं आहे त्याचं उत्तर खरंच दिलं पाहिजे. पण जे स्पष्टपणे विचारलेलंच नाही ते सांगितलं नाही, म्हणून कुणाला दोषी धरता येणार नाही. लपवलेली गोष्ट किरकोळ असेल तर मालकाला ती सोडून देता येते. किरकोळ म्हणजे काय, याचं उदाहरण न्यायालयानंच दिलं आहे: तरुण वयात घोषणा देणं. आणि उमेदवारानं स्वतःहून खरं सांगितलं, तरी त्याचं पूर्वचारित्र्य पाहून निर्णय घ्यायचा हक्क मालकाला राहतोच.

हा शेवटचा मुद्दा कडू आहे. खरं सांगितल्यानं नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाही. पण खरं लिहिलं असतं तर आपल्या पोरीला निदान भांडायला जागा राहिली असती. सुटकेचा निकाल समोर ठेवता आला असता. गावानं, ग्रामसभेनं तिच्या बाजूनं बोलता आलं असतं. "नाही" या एका शब्दानं ती सगळी जागा गेली.

अशी प्रकरणं थोडी नाहीत, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. ते मागे घ्या, ही त्या आंदोलनाची एक मोठी मागणी झाली. तरुण पोरांच्या नोकरीचं काय होणार, हा प्रश्न पारावर, चावडीवर, विधिमंडळात बोलला गेला. तो बोलला गेला ते योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच, की हातभट्टी फोडणाऱ्या, रेशन दुकानाला घेराव घालणाऱ्या, हंडा मोर्चात पकडल्या गेलेल्या बायांच्या अंगावरच्या गुन्ह्यांचा हिशेब कुणी मांडला नाही. आणि आपण, ज्यांनी त्यांना मोर्चात नेलं, त्यांनीही मांडला नाही.

आता शब्दाकडे येते. या सगळ्या कारभाराला आपल्याकडे नाव आहे 'चारित्र्य पडताळणी'. पुरुषाच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ सरळ असतो: ठाण्यात काही नोंद आहे का? बाईच्या बाबतीत 'चारित्र्य' म्हटलं की गावाच्या मनात वेगळंच चित्र उभं राहतं. एका मुलीच्या पडताळणीच्या वेळी शेजारणीला काय काय विचारलं गेलं, ते त्या शेजारणीनंच मला सांगितलं. क्लासवरून किती वाजता येते? सोडायला कोण येतं? आधीची सोयरीक का मोडली? फॉर्ममध्ये यातलं एक अक्षरही नव्हतं. पण विचारणाऱ्याला आणि उत्तर देणारीला, दोघांनाही वाटलं की चारित्र्याची चौकशी म्हणजे हीच.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपलंही पाहू. काही वर्षांपूर्वी बालवाडीसाठी बाई नेमताना मुलाखतीला मी बसले होते. आलेली बाई परित्यक्ता होती. तिला मी मुलं कशी सांभाळशील हे विचारलं, आणि मग विचारलं, "नवऱ्यानं का सोडलं?" तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या कामाला त्या माहितीचा काही उपयोग नव्हता. मी मालकाच्या खुर्चीत होते आणि तिला कामाची गरज होती, म्हणून मला विचारता आलं आणि तिला सांगावं लागलं. नोकरीआधीच्या चौकशीचं खरं स्वरूप मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

मागच्या शिबिरात भरतीच्या मुली आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "ताई, नोकरी देण्याआधी ते खोटं पकडायचं यंत्र लावतात का हो?" बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. टीव्हीवर तिनं ते पाहिलं होतं, आणि आपल्या पोटातलं काहीतरी यंत्राला कळेल अशी भीती तिच्या डोळ्यांत होती. तिला आणि तुम्हा सगळ्यांना नीट उत्तर देते.

आपल्या पोलीस भरतीत असं यंत्र नाही. पण जगात ते नोकरीआधी लावलं जातं. अमेरिकेत तिथली केंद्रीय तपास खाती आणि अनेक शहरांची पोलीस खाती उमेदवाराला पॉलीग्राफवर बसवतात. छातीला पट्टे, दंडाला रक्तदाबाची पिशवी, बोटांना तारा. श्वास, नाडी, रक्तदाब आणि कातडीवरचा घाम एवढंच ते यंत्र मोजतं. खोटेपणा त्याला मोजता येत नाही, धास्ती मोजता येते. खोटं बोलणाऱ्याची धास्ती आणि खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवणार नाही असं वाटणारीची धास्ती यांतला फरक त्याला कळत नाही. आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, ही धास्ती बायांना जन्मापासूनची आहे.

यंत्राची खरी करामत त्याच्या तारांत नसते. आधी उमेदवाराकडून गतकाळाची यादी भरून घेतात: कधी नशा केली का, आधीच्या कामावरून काही उचललं का, कधी खोटं बोललात का. यंत्रापासून काही लपत नाही, आत्ताच सांगून मोकळे व्हा, असं वातावरण असतं. माणसं घाबरून आपणच सांगतात आणि त्या कबुलीवरच अनेकांची नोकरी जाते. या यंत्राच्या सुरुवातीच्या वापरांपैकी एक १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात झाला. विद्यार्थिनींच्या वसतिगृहात चोरी झाली होती आणि जॉन लार्सन नावाच्या पोलिसानं तिथल्या मुलींना एकेक करून यंत्रापुढे बसवलं. सुरुवातीलाच संशयाच्या रांगेत मुली होत्या, हे आपण लक्षात ठेवू.

त्या देशातही याविरुद्ध आवाज उठला. १९८८ साली तिथं कायदा झाला आणि बहुतेक खाजगी मालकांना नोकरीसाठी पॉलीग्राफ लावायला बंदी आली. सरकारनं स्वतःला मात्र त्यातून वगळलं. २००३ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं अहवाल दिला, की नोकरीआधीच्या चाळणीसाठी हे यंत्र पुरेसं अचूक नाही. त्यांनी एक हिशेब मांडला. समजा दहा हजार माणसांत दहा हेर आहेत आणि त्यांतले आठ पकडायचे आहेत. तर त्या आठांबरोबर जवळजवळ सोळाशे निरपराध माणसं खोटी ठरतील.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात निकाल दिला, की पॉलीग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग यांपैकी काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर नाही, हा घटनेचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० सालीच अशा चाचणीसाठी संमती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावी, वकील मिळावा, असं सांगितलं होतं. पण हे तपासातल्या आरोपीसाठी झालं. नोकरी मागायला आलेल्या मुलीची संमती म्हणजे काय? लग्नात "मुलीला विचारलंय, तिची काही हरकत नाही" असं म्हणतात तशीच ती संमती. पोटाचा प्रश्न असला की हरकत घेता येत नाही.

बाईच्या शरीराकडून तिच्याविरुद्ध साक्ष काढायची ही हौस यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. तिला परदेशातही जावं लागत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याच मराठवाड्यात परंड्याजवळ एका नवऱ्यानं बायकोला उकळत्या तेलातून नाणं काढायला लावलं. हात भाजला तर ती दोषी. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी २०१८ साली लग्नानंतरच्या कौमार्य चाचणीविरुद्ध बंड पुकारलं, तेव्हा पांढऱ्या चादरीवरचा पुरावा मागणारी पंचायत सगळ्या महाराष्ट्राला दिसली.

आणि हे सुशिक्षित कचेऱ्यांतही होतं. आयुर्विमा महामंडळ नोकरीवर घेताना बायांकडून फॉर्म भरून घेत असे: पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का. दिल्लीत नव्यानं लागलेल्या एका बाईनं बाळंतपणाची रजा घेतली, तर फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली म्हणून तिला काढून टाकलं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला परत कामावर घ्यायला लावलं आणि असले लाजिरवाणे रकाने फॉर्ममधून काढायला सांगितलं. तिच्यावरचा आरोपही तोच होता, माहिती दडवल्याचा. पण तिला विचारलेला प्रश्नच विचारण्याजोगा नव्हता.

इथं मला त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार सापडतं. सरकारनं विचारण्याजोगा प्रश्न कायद्यानं विचारला, तर त्याचं खरं उत्तर ताठ मानेनं लिहायचं. विचारण्याजोगा नसलेला प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याऐवजी प्रश्नालाच हरकत घ्यायची. मी त्या दिवशी दोन्हींची गल्लत केली. बाईनं जगापासून काही ना काही लपवूनच जगायचं असतं, ही शिकवण माझ्याही अंगात इतकी भिनलेली होती, की अभिमानानं सांगण्याजोगी गोष्टही मी तिला लपवायला सांगितली.

म्हणून भरतीच्या मुलींना काही गोष्टी सांगते. फॉर्म घाईत भरू नका. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचा: अटक विचारली आहे, गुन्हा दाखल झाल्याचं विचारलं आहे, की शिक्षा? जेवढं विचारलं तेवढंच लिहा, पण ते पूर्ण लिहा. निर्दोष सुटलात तरी खटला झाला होता हे खरंच राहतं. ते लिहा आणि निकालाची प्रत जोडा. प्रतिबंधक कारवाई, म्हणजे आपण जिला चॅप्टर केस म्हणतो, ती झाली असेल तर तो कागदही जपून ठेवा आणि लिहायचं की नाही ते वकिलाला विचारून ठरवा. प्रकरण अठरा वर्षांच्या आतलं असेल तर २०१५ च्या बालन्याय कायद्याचा आधार आहे. मिटलेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही, असं त्याच्या कलम ७४ मध्ये आहे. आणि ज्या मुली कधी छेडछाडीच्या, बलात्काराच्या फिर्यादी होत्या, त्यांनी मनात भीती धरू नये. तो फॉर्म आरोपीबद्दल विचारतो. फिर्याद देणं हे गैरवर्तन नाही.

संघटनांनाही सांगायचं आहे. आपण पोरींना मोर्चात नेतो तेव्हा पुढं काय होऊ शकतं हे त्यांना आधी सांगितलं पाहिजे. गुन्हा दाखल झाला तर खटला संपेपर्यंतच नव्हे, निकालाची प्रत प्रत्येकीच्या हातात पडेपर्यंत आपण सोबत राहिलं पाहिजे. दारूबंदी, पाणी, रेशन यांसाठी लढलेल्या बायांवरचे गुन्हे किती, कोणत्या ठाण्यात, काय स्थितीत आहेत, याची यादी गावागावातून करूया. ती यादी हातात असेल तरच ते मागे घ्या, असं आपल्याला म्हणता येईल.

आणि सरकारकडे मागणी करूया. पडताळणीचे प्रश्न सोप्या मराठीत असावेत. आंदोलनातले गुन्हे वेगळे नोंदवायला रकाना असावा. खरं सांगणाऱ्या उमेदवाराला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय निवड रद्द होऊ नये. पडताळणीला येणाऱ्यानं कागदाबाहेरचा एकही प्रश्न विचारू नये. आणि जमलं तर त्या फॉर्मचं नावच बदलावं. 'पूर्वनोंद पडताळणी' म्हटलं तरी काम भागतं. चारित्र्य तपासायचंच असेल तर लाच खाणाऱ्यांपासून, ठाण्यात फिर्याद न घेणाऱ्यांपासून सुरुवात करता येईल.

छापायला देण्याआधी हे सगळं मी त्या पोरीला वाचून दाखवायला गेले. आता पोर कसली, दोन लेकरांची आई आहे. प्लॉटवरून नुकतीच आली होती. शेवटपर्यंत ऐकलं. नाव नको म्हणाली. मी म्हटलं, माझ्या हातून चूक झाली, ती अशी सगळ्यांसमोर लिहिली तर चालेल ना? ती म्हणाली, "लिहा. मला बारा वर्षं आधी हवं होतं. पण लिहा. आणि मायचं म्हणणं गाळू नका."

गाळलेलं नाही.

साक्षांकन नमुना हातात आलेल्या मुलींनी तो भरण्याआधी कार्यालयात यावं. आता दर शनिवारी दुपारी आपल्या वकील मैत्रीण बसतात. तुमचे अनुभव, आणि तुमच्या हातून दिले गेलेले चुकीचे सल्लेही, आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू.

तुमचीच,
संपादक मंडळासाठी